वाडा : कौतुक आणि परीक्षण

दिवाळी अंकात वाड्याचा विषय निघाला की लेखकाची लेखणी सहसा दिंडी दरवाजातून आत शिरते, चौकातल्या तुळशीला प्रदक्षिणा घालते, ओसरीवरच्या झोपाळ्यावर घटकाभर टेकते आणि सुरूदार खांबांवरची नक्षी पाहून गहिवरते. मग आजी येते, आजोबा येतात, माजघरातल्या फराळाचा वास येतो. लेख संपतो. वाडा मात्र होता तिथेच राहतो. तो उभा कसा राहिला आणि उद्या उभा राहील की नाही, हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

कौतुक आणि परीक्षण यांत हाच फरक आहे. कादंबरीचे परीक्षण करताना आपण विचारतो, लेखकाला काय साधायचे होते, ते साधले काय, कशाने साधले आणि कोठे फसले. घराला हे प्रश्न विचारण्याची चाल आपल्यात फारशी नाही. घर हे जणू नुसते राहण्यासाठी किंवा आठवण्यासाठी असते, पारखण्यासाठी नसते. वास्तविक पारखण्याची निकड आज अधिक आहे. सातारा, वाई, सांगली, मिरज या गावांत जुन्या लाकडी घरांसमोर एकच पेच उभा आहे. वारस वाढले आहेत, वासे वाकले आहेत, आणि उतरवलेल्या सागवानाला घनफुटावर चांगला भाव मिळतो. अशा वेळी ‘वाडा ठेवायचा की पाडायचा’ हा निर्णय केवळ उमाळ्याने किंवा केवळ हिशेबाने झाला, तर तो दोन्ही परींनी चुकण्याचा संभव आहे. म्हणून या दोन जिल्ह्यांतल्या लाकडी घराचे गुणदोष थोडे कठोरपणे पाहू.

लाकडी घरे टिकली कशी, असे विचारले की ठरलेले उत्तर येते, “अहो, पूर्वीचे सागवान ते! आता तसे लाकूड मिळते कुठे?” या उत्तरात तथ्य आहे, पण थोडेच. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडाचा टिकाऊपणा पारखण्याची एक जुनी रीत आहे. सुमारे दोन फूट लांब आणि दोन इंच जाड अशा खुंट्या करायच्या, त्या निम्म्या जमिनीत गाडायच्या आणि ऊनपाऊस, बुरशी व वाळवी यांच्या हवाली करायच्या. ज्या जातीच्या खुंट्या सरासरी १२० महिने किंवा त्याहून अधिक तग धरतात ती जात पहिल्या वर्गातली. ६० ते १२० महिने टिकणारी दुसऱ्या वर्गातली आणि त्याच्या आत संपणारी तिसऱ्या. सागाचा पिकलेला गाभा अर्थातच पहिल्या वर्गात बसतो. पण पहिला वर्ग मिळवण्यासाठी १२० महिने, म्हणजे अवघी दहा वर्षे पुरतात, हे ध्यानात घेतले पाहिजे.

आणि आपल्या वाड्यांतले खांब दोनदोनशे वर्षे उभे आहेत! खुंटी बारीक आणि खांब जाड हे खरे. पण केवळ जाडीने दहाचे दोनशे होत नाहीत. लाकूड तेच. फरक आहे तो त्याला कोठे ठेवले यात. मातीत पुरलेल्या सागाला जे भोगावे लागते ते वाड्यातल्या सागाला भोगू न देण्याची व्यवस्था कोणीतरी विचारपूर्वक केलेली होती. टिकाऊपणाचे श्रेय आपण झाडाला देतो आणि ज्याने आखणी केली त्या सुताराला व गवंड्याला विसरतो. साहित्यात ज्याला आपण विषयाचे कौतुक आणि रचनेची उपेक्षा म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.

ही रचना कळायची तर लाकूड मरते कशाने ते आधी पाहिले पाहिजे. लाकडाला कुजवणारी बुरशी कोरड्या लाकडात जगत नाही. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या शेकडा २० च्या खाली राहिला तर तिचे काही चालत नाही. वाळवीचे बहुतेक कुळही जमिनीतल्या ओलाव्याच्या आधाराने वर चढते. म्हणजे लाकडाला भिजण्याचे तेवढे भय नाही. एखादी सर अंगावर आली आणि पुढे चार दिवस वारा लागला, तर लाकूड ते विसरून जाते. भय आहे ते भिजून ओलेच राहण्याचे. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात, जिथे चार महिने पाऊस आणि ऊबही बुरशीला मानवणारी, तिथे हे भय थंड देशांपेक्षा किती तरी मोठे. लाकडी घराची सारी कला ‘ते लवकर वाळेल कसे’ या एका प्रश्नाभोवती फिरते.

आता हाच प्रश्न मनात ठेवून वाड्याकडे पाहावे, आणि तेही खालून वर.

सर्वांत खाली दगडी जोते. ते उंच असते ते केवळ रुबाबासाठी नसते. जमिनीची ओल आणि अंगणात आपटून उडणारे पागोळ्यांचे पाणी लाकडापर्यंत पोचू नये, हे त्याचे पहिले काम. जोत्यावर खांब थेट टेकत नाही. मध्ये एक घडीव दगड असतो, त्याला तळखडा म्हणतात. वाड्याचे वर्णन करणाऱ्यांनी या तळखड्याची फारशी दखल घेतलेली नाही. नक्षी खांबाच्या डोक्यावर असते आणि आपली नजरही तिथेच जाते. परंतु लाकडाच्या नळ्या झाडाच्या लांबीच्या दिशेने धावतात. त्यामुळे खांबाचा बुडखा दिव्याच्या वातीसारखा पाणी ओढतो. बाजूने पाणी शिरायला त्याच्या कैक पट वेळ लागतो. हा बुडखा ओलीपासून वीतभर उचलून धरणारा तळखडा म्हणजे त्या खांबाचे आयुष्य. वरचा हस्त कितीही सुंदर कोरला आणि खाली हा दगड नसला, तर ती कारागिरी फार तर एका पिढीची.

खांबावर हस्त, हस्तावर तुळई, तुळयांवर कड्या, कड्यांवर तक्तपोशी किंवा पाटण. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण. आपल्याकडे घर ‘इतक्या खणांचे’ असे मोजले जाई. ही नुसती बोलण्याची तऱ्हा नव्हती. तुळईला न वाकता जेवढे अंतर पेलेल तेवढा खण. म्हणजे घराचे माप लाकडाने ठरवायचे, धन्याच्या हौसेने नव्हे. मोठेपणा हवा असेल तर खण वाढवा, खणाची लांबी वाढवू नका. या शिस्तीमुळेच साध्या कुळकर्ण्याच्या पाच खणी घराची आणि सरदाराच्या वाड्याची भाषा एक राहिली.

सांधे कुसू आणि खाच यांनी जोडलेले, पाचरीने आवळलेले. खिळ्यांवर भरवसा कमी. त्याचा फायदा असा की एखादी कडी सडली तर तेवढीच काढून दुसरी बसवता येते. वाडा अशा रीतीने बांधलेला असतो की तो थोडाथोडा बदलत राहूनही तोच राहावा.

आणि सर्वांत वर छप्पर, त्याची भिंतीपुढे आलेली वळचण. वळचणीखाली कोणी भिजत उभे राहिले की ते बिचारे वाटते; पण घराच्या दृष्टीने वळचण ही छत्री आहे. तिच्यामुळे भिंत, खांब आणि दारे यांवर पाऊस पोचतच नाही. मधला चौक उजेडासाठी असतो तसाच वाऱ्यासाठीही असतो. चौकातली तापलेली हवा वर निघते आणि ओसरीतून, सोप्यातून नवी हवा आत ओढली जाते. त्या वाऱ्याने माणसे सुखावतात आणि कड्याही वाळतात.

वाईजवळच्या मेणवलीचा नाना फडणीसांचा वाडा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, कृष्णेच्या अगदी काठावरचा. लोक तिथे घाट पाहतात, चिमाजी आप्पांच्या वसईच्या विजयानंतर आलेली मोठी घंटा पाहतात, आणि २००४ सालच्या ‘स्वदेस’ चित्रपटामुळे तर हा घाट परगावच्यांच्याही ओळखीचा झाला आहे. पण या वाड्याचे एक प्रशस्तिपत्र घाटावर दिसत नाही. नानांचे दप्तर मेणवलीला राहिले आणि पुढे इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांच्या हाती आले. ‘मेणवली दप्तर’ म्हणून अभ्यासक त्याला ओळखतात. नाना गेले १८०० साली, पारसनीसांचा जन्म १८७० चा. मधली कित्येक दशके, नदीकाठी, एकामागून एक पावसाळे झेलत ते कागद वाचता येण्याजोगे राहिले. कागद ही ओलीला सर्वांत आधी बळी पडणारी वस्तू. ज्या घराने कागद जपला त्याने आपले वासे जपले यात नवल ते काय?

तथापि सगळ्या वाड्यांना एकच नियम लावता येत नाही, आणि हे सातारा-सांगलीकडच्या लोकांना सांगायला नको. महाबळेश्वराला वर्षाला सुमारे साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून घाट उतरून तीस-पस्तीस किलोमीटरांवर वाईला आलो की तो सात-आठशेवर येतो, आणि माण तालुक्यात किंवा जतेकडे गेलो की पाचशेच्या आसपास घुटमळतो. पश्चिमेला इरल्याखेरीज चालत नाही आणि पूर्वेला इरले वाळवीच खाते! एवढ्याशा टापूत तीन हवामाने, म्हणून घरेही तीन प्रकारची झाली. महाबळेश्वराकडे उभ्या उताराची छपरे, खोल पडव्या आणि पावसाळ्यापुरते भिंतींवर बांधायचे गवताचे पडदे. माणसाला इरले तसे घराला. वाई-साताऱ्याला बेताच्या उताराची कौलारू पाखी. आणि माण, खटाव, आटपाडी, जतेकडे सपाट माळवद : कड्यांवर बारीक फाटी, त्यांवर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात ते माळवद घर थंड ठेवते आणि त्यावर धान्यही वाळवता येते. जतेचे माळवद महाबळेश्वराला नेले तर पहिल्याच आषाढात खाली येईल. महाबळेश्वरचे उभे छप्पर जतेला नेले तर पडणार नाही, पण त्याखाली वैशाखात बसवणार नाही. तात्पर्य, टिकाऊ घर म्हणून सरसकट एक घर नसते. अमुक पावसात आणि अमुक उन्हात टिकणारे घर असते.

पण शहाणपण केवळ आपल्याच सुतारांना होते असे मानण्याचे कारण नाही. नॉर्वेत लाकडी चर्च बांधणाऱ्यांनी आरंभी खांब जमिनीत रोवले. ते बुडाशी कुजून गेले. मग त्यांनी दगडांवर तुळया टाकून त्यांवर खांब उभे केले. बोर्गुंड येथले असे चर्च सुमारे ११८० पासून उभे आहे. त्याला वरचेवर डांबराचा हात देतात, हेही सांगितले पाहिजे. जपानात नारा शहराजवळ होर्युजी हे बौद्ध मंदिर आहे. जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती तिथल्याच, आणि तेथील पाच मजली स्तूपाचा मधला खांब ज्या झाडाचा आहे ते ५९४ साली तोडले गेले, असे त्याच्या वलयांवरून दिसते. तिथेही वेळोवेळी सांधे उकलून, खराब तुकडे बदलून, इमारत पुन्हा जोडली गेली आहे. आणि हे थंड मुलुख झाले म्हणावे, तर आपल्याच दक्षिणेत, कन्याकुमारी जिल्ह्यात, पद्मनाभपुरमचा राजवाडा आहे. वर्षात दोनदा पावसाळा सोसणाऱ्या त्या प्रदेशात त्रावणकोरच्या राजांनी लाकडाच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांच्या जाळ्या लावून पाऊस बाहेर ठेवला आणि वारा आत घेतला. तिन्ही देश वेगळे, झाडे वेगळी, देव वेगळे. पण उपाय एकच : पाय कोरडे, डोक्यावर मोठी छत्री, अंगाला वारा आणि दरवर्षी थोडी निगा.

येथवर वाड्याचे गुण झाले. दोष सांगितले नाहीत तर हेही परीक्षण पुन्हा कौतुकाच्याच वाटेने जायचे.

पहिला दोष आगीचा. पुण्याच्या शनिवारवाड्याला २७ फेब्रुवारी १८२८ रोजी आग लागली आणि ती सात दिवस धुमसत राहिली. आज आपण तिथे पाहतो ती दगडी जोती आणि तटबंदी. वरचे लाकडी वैभव कल्पनेनेच उभे करावे लागते. जाड तुळईचा पृष्ठभाग जळून कोळसा होतो आणि तो कोळसा आतल्या लाकडाला काही काळ आवरण देतो, म्हणून जाड लाकूड तासाला साधारण दीड इंचाच्याच बेताने जळत जाते. बारीक फळ्या आणि पडदे मात्र आगीला वाट करून देतात. वाड्याला वाडा चिकटलेल्या आळीत एका घराची आग सगळ्यांची होई. त्यात आज जुन्या विजेच्या तारांची भर पडली आहे.

दुसरा दोष धरणीकंपाचा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. पाटण तालुक्यात मातीत रचलेल्या गोट्यांच्या भिंती ढासळल्या आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. पुढे ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला जे झाले ते महाराष्ट्र विसरलेला नाही. तिथे जाड दगडी भिंती आणि माळवदाचे ओझे यांनी माणसे चिरडली. छत ज्या घरांत लाकडी खांबांवर स्वतंत्र उभे होते त्यांपैकी काहींत भिंती पडूनही छत वर राहिले. लाकूड लवते, आणि दणक्याच्या वेळी लवणे हाच गुण ठरतो. पण आपल्या सुतारांनी खांब आणि तुळई काटकोनात जोडली, तिरका आधार क्वचितच दिला. उभे वजन पेलण्याचा त्यांचा अभ्यास पुरा होता; आडव्या धक्क्याचा त्यांनी फारसा विचार केला नाही. त्यामुळे सांगाडा उभा राहिला तरी कलला, आणि भिंत व सांगाडा यांची गाठ नसल्यामुळे दोघे एकमेकांना सोडून गेले. ज्यांच्या घरात अजून खांब आहेत त्यांनी कोपऱ्यांत तिरके दांडे आणि सांध्यांना लोखंडी पट्ट्या घालून घ्याव्यात. त्याने वाड्याचे रूप बिघडत नाही.

तिसरा दोष जाणकारांच्या नजरेतूनही सुटतो. वाड्यातले उघडे खांब टिकले. बाहेरच्या भिंतीत चिणलेले खांब तितके टिकले नाहीत. तिथे वारा नाही आणि वळचणीचे पाणी कुठून तरी झिरपते. बाहेरून ताठ दिसणाऱ्या भिंतीत खांबाचा भुसा झालेला असतो. घर मध्येच एका बाजूला खचले की लोक ‘घराचे वासे फिरले’ म्हणून दैवाला बोल लावतात. वासे फिरण्याआधी भिंतीतला खांब गेलेला असतो.

चौथा दोष सांगताना थोडा संकोच वाटतो. चुलीच्या धुराने वाशांना कीड लागत नाही, असे जुनी माणसे अभिमानाने सांगतात. असेलही. पण तो धूर वाशांपर्यंत जाण्याआधी कोणाच्या डोळ्यांतून आणि फुप्फुसांतून जात होता? स्वयंपाकघर हा वाड्यातला बहुधा सर्वांत काळोखा आणि कोंदट भाग. ओसरीला वारा, दिवाणखान्याला खिडक्या आणि चुलीपुढच्या माउलीला एक झरोका! ज्या आखणीने तुळईच्या श्वासाची एवढी काळजी घेतली तिने घरधनिणीच्या श्वासाची घेतली नाही. वाड्याच्या परीक्षणात हा गुण उणाच धरला पाहिजे.

आता आजच्या घरांकडे वळू. लाकडी घराची हौस पुन्हा आली आहे. डोंगरावरच्या पर्यटनाच्या गावांत लाकडी बंगल्या उभ्या राहतात. छायाचित्रांत त्या मोठ्या देखण्या दिसतात. पण पुष्कळदा खांब थेट सिमेंटच्या खड्ड्यात रोवलेला असतो. म्हणजे तळखड्याच्या नेमके उलट, कारण खांब आणि काँक्रीट यांच्या फटीत साचलेले पाणी बाहेर निघत नाही. छप्पर भिंतीबरोबर छाटलेले असते, कारण वळचण ‘जुनाट’ दिसते. लाकडावर चकचकीत रोगणाचा बंद थर असतो. तो कुठे तरी चिरतो, पाणी आत जाते आणि त्या काचेखाली लाकूड घाम फुटल्यासारखे ओले राहते. वर लाकूडही पंचवीस वर्षांत तोडलेले. त्यात पिकलेला गाभा कमी आणि बाहेरचा फिकट, कोवळा भाग फार. ‘पूर्वीचे सागवान’ म्हणणाऱ्यांचे म्हणणे खरे ठरते ते एवढ्यापुरते. अशी बंगली दहा पावसाळ्यांत कुजली की लोक म्हणतात, लाकूड आपल्या हवेला चालत नाही. परीक्षकाने निकाल द्यावा तो लाकडाविरुद्ध नव्हे.

जुन्या वाड्यांची ‘दुरुस्ती’ही तशीच. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा ओल घेतो आणि सोडतो. त्यावर सिमेंटचा थापा दिला की ओल आत अडकते आणि भिंतीतल्या खांबाकडे वळते. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी ४५ फुटांची. एवढ्या पाण्यापुढे कोणतेही जोते पुरे पडत नाही, आणि कच्च्या विटांची भिंत विरघळते हेही खरे. पण पूर ओसरल्यावर लाकडाचा सांगाडा वाळू शकतो, फक्त त्याला वाळू दिले पाहिजे. सिमेंटने लिंपलेल्या भिंतीत पुराचे पाणी महिनोन्‌महिने मुक्काम करते. पुरानंतर घाईने रंग काढणाऱ्या कुटुंबाने आधी खालचा गिलावा फोडून खांबांचे पाय मोकळे करावेत.

औषधांचे म्हणाल तर त्यांतही आपला वाटा आहे. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे लाकूड टिकवणारे मिश्रण १९३३ साली डेहराडूनलाच सोंती कामेशम या भारतीय शास्त्रज्ञाने शोधले आणि पुढे ते जगभर गेले. त्यातल्या आर्सेनिकमुळे अमेरिकेत २००३ च्या अखेरीनंतर घरगुती कामासाठी त्याचा वापर थांबला. आता घरातल्या लाकडाला टाकणखाराच्या जातीचे बोरॉनचे क्षार देतात. ते माणसाला त्या मानाने निरुपद्रवी, पण पावसात धुऊन जातात. म्हणजे औषध टिकायलाही पुन्हा वळचण हवीच! रसायनाने आखणीला मदत होते; आखणीची जागा त्याला घेता येत नाही.

लाकडाला वेळ द्यायचा असतो, हे सांगली जिल्ह्यातच एका जागी आजही लोक जाणतात. मिरजेचे सतार-तंबोरे करणारे कारागीर लाकूड आणून लगेच कापत नाहीत. ते मुरवतात, वाळवतात, कारण ओल्या लाकडाचा तंबोरा आज जुळला तरी उद्या वाकतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले त्यामागे हा पिढ्यांचा धीर आहे. घराच्या लाकडाला तेवढा सूर लागत नाही, पण धीर तेवढाच लागतो.

मग निर्णय काय? माझ्या मते लाकडी घराला लावायची कसोटी एका साध्या हिशेबात आहे. चांगला साग पिकायला साठ-ऐंशी वर्षे लागतात. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी झाड वाढायला किती काळ लागतो याची आठवण राज्यकर्त्यांना करून दिली आहे, ती उगीच नाही. जे झाड साठ वर्षांत उभे राहिले त्याचे घर साठ वर्षांच्या आत पडले, तर ते घर म्हणजे जंगलाकडून घेतलेले आणि बुडवलेले कर्ज. ते त्याहून अधिक टिकले, तर तेवढ्यात दुसरे झाड तयार होते आणि कर्ज फिटते. वाई-साताऱ्याच्या जुन्या सुतारांनी हे कर्ज दोनदा-तीनदा फेडले. आपण वाडा पाडून त्याचे सागवान शोभेच्या कपाटांत घातले, किंवा नवी लाकडी बंगली दहा वर्षांत कुजवली, तर आपण बुडवे ठरतो. हा हिशेब नक्षीच्या सौंदर्याहून मला मोठा वाटतो.

आणि त्या दीर्घायुष्याचे निम्मे रहस्य आखणीत असले तरी निम्मे वहिवाटीत होते. मृगाच्या आधी शाकारणी व्हायची, कौले चाळली जायची, फुटकी बदलली जायची. पाऊस गेला की दिवाळीची झाडलोट : माळ्यावरची अडगळ खाली, जाळी-जळमटे साफ, भिंतींना चुना, खांबांना तेलाचा हात. आपण याला सणाची तयारी समजतो. वास्तविक ती घराची वार्षिक तपासणी होती. पावसाळ्यात काय भिजले ते हिवाळ्याच्या कोरड्या वाऱ्याआधी उघडे करायचे, याहून शहाणा मुहूर्त कोणता? ही तपासणी बायका आणि मुले हसतखेळत करीत, आणि एखाद्या कडीवर वाळवीची मातकट रेघ दिसली की त्याच दिवशी सुताराला सांगावा जाई. ज्या वाड्यांना कुलूप लागले ते पावसाने पडले नाहीत. त्यांत दिवाळी झाली नाही म्हणून पडले.

तेव्हा या दिवाळीत ज्यांचे पाय वाड्याला लागतील त्यांनी नक्षी जरूर पाहावी, फोटोही काढावेत. पण आधी खाली वाकून खांबांचे बुडखे पाहावेत, तळखड्याभोवती सिमेंट थापले असेल तर ते फोडून घ्यावे, वळचणीची गळती कुठे पडते ते पाहावे आणि माळ्याची खिडकी उघडून तिथे वारा जाऊ द्यावा. चार भाऊ एकत्र जमलेच आहेत तर दुरुस्तीची वर्गणीही फराळ संपायच्या आत ठरवावी. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत असे आपण मुलांना शिकवतो. वडिलोपार्जित घरचे वासे मात्र वर्षातून एकदा तरी मोजावेत, एकेक करून, हाताने ठोकून.